पीएचडी: गाईड डिसेंबरअखेर निवृत्त, सहा वर्षं जानेवारीत संपतायत आणि फाइलमधले दोन प्रगती अहवाल गायब

बाजारवार

नमस्कार मंडळी. इथे पीएचडीवर बरेच धागे आहेत, पण बहुतेक पेटचा (पीएचडी प्रवेश परीक्षेचा) अभ्यास कसा करावा, विषय कसा निवडावा यावरचे. माझा प्रश्न पार शेवटच्या टोकाचा आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. पीएचडीची नोंदणी राज्य विद्यापीठात, संशोधन केंद्र जिल्ह्याच्या कॉलेजात. विषय आठवडी बाजारात भाजी, मसाले, बांगड्या घेऊन बसणाऱ्या बायकांच्या उधार-उसनवारीचा. तीन गावचे बाजार, 212 प्रश्नावल्या, सगळ्या घरी लोखंडी पेटीत. सकाळी पाचशे उचलायचे आणि संध्याकाळी साडेपाचशे परत करायचे, हे त्या बायकांना तोंडपाठ असतं. आपल्याला मात्र त्याचं वार्षिक व्याज काढायला कॅल्क्युलेटर लागतो. असो. प्रबंध मराठीत आहे. सहापैकी पाच प्रकरणं झालीत, शेवटचं सरांकडे, म्हणजे माझ्या गाईडकडे, वाचायला आहे.

आता अडचण. सर 31 डिसेंबरला निवृत्त होतायत. माणूस चांगला आहे, पण मुलाकडे पुण्याला जायचं ठरलंय आणि अर्धं सामान गेलंसुद्धा.

माझं प्रवेशाचं पत्र 27 जानेवारी 2020 चं आहे. आरआरसीने (विद्यापीठाच्या संशोधन समितीने) विषय मंजूर केल्याचं पत्र मात्र ऑगस्ट 2020 चं, कारण मधे लॉकडाऊन आलं. मी सहा वर्षं ऑगस्टपासून धरून चालले होते. फोन केला तेव्हा विद्यापीठाच्या पीएचडी सेक्शनमधले एक जण "ऑगस्टपर्यंत आहे की, कशाला घाबरता" म्हणाले. मागच्या आठवड्यात एसटीने साडेतीन तास प्रवास करून स्वतः गेले, तर दुसऱ्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "जानेवारी." वर म्हणाल्या, 2021 चे दोन्ही सहामाही प्रगती अहवाल फाइलला नाहीत, ते लागल्याशिवाय प्री-सबमिशन (प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण) होणार नाही.

मी दिलेत हो ते. सरांच्या सहीचे, माझ्या हाताने. पोच घेतली नाही, एवढंच.

सहा वर्षं नेमकी कधीपासून मोजतात? सर निवृत्त झाले की माझं काय? आणि हरवलेल्या अहवालांचं काय करू? घरी सगळे "आता राहू दे" म्हणायला लागलेत. राहू द्यायचं नाहीये.

---

गोदाकाठ

ताई, टेन्शन घेऊ नका. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2022 ची नवी नियमावली आलीय. सहा अधिक दोन, महिलांना आणखी दोन, म्हणजे दहा वर्षं मिळतात. रिसर्च पेपरची अटही काढून टाकलीय. आणि गाईडला दिवाळीचा फराळ पाठवत जा, सह्या पटापट होतात. (शेवटचं वाक्य गंमत म्हणून. पूर्ण गंमत नाही.)

---

लाल_फडकं

मी राज्यातल्या एका विद्यापीठात 31 वर्षं नोकरी केली. शिपाई म्हणून लागलो, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यातली शेवटची अकरा वर्षं पीएचडी सेक्शनला. तेव्हा टेबलाच्या अलीकडून सांगतो.

गोदाकाठ, तुम्ही सांगितलेलं खरं आहे, पण या ताईंना लागू नाही. नवी नियमावली 7 नोव्हेंबर 2022 ची. त्याआधी ज्यांची नोंदणी झाली त्यांना जुनेच नियम, आणि ते त्याच नियमावलीत लिहिलंय. जानेवारी 2020 म्हणजे 2016 ची नियमावली. तिच्यात कमाल सहा वर्षं. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची सवलत. आणि प्रबंध देण्याआधी रेफरीड (तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या) जर्नलमध्ये निदान एक पेपर आणि परिषदांत दोन शोधनिबंध वाचलेले हवेतच. आमच्या टेबलाशी येऊन "पेपरची अट उठली" म्हणून भांडणारी पोरं मी खूप पाहिली. सगळ्यांना तारीख विचारायची, की आवाज खाली.

बाजारवार ताई, टेबलावरच्या मॅडम बरोबर बोलल्या. सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजायची, विषयमंजुरीच्या पत्रापासून नाही. फोनवर जे सांगितलं त्याचा काही उपयोग नाही. सांगणाराही ते विसरला असेल.

पण तुम्ही बुडालेल्या नाहीत. दोन वर्षांची सवलत तुम्हाला आहे. मात्र ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि मुदत चालू असताना मागावी लागते. 27 जानेवारीच्या आत अर्ज आत गेला तर तो "मुदतवाढ मिळणेबाबत" असतो. 28 ला गेला तर तो "नोंदणी पुनरुज्जीवित करणेबाबत" होतो, आणि मग टिपणी उपकुलसचिवांच्याही वर जाते, बैठकीची वाट बघते, बैठक पुढे ढकलली जाते. विषय तोच, पण दुसऱ्या अर्जाला सहा महिने लागलेले मी पाहिलेत.

अर्ज सरांच्या शिफारशीने, संशोधन केंद्राच्या प्राचार्यांमार्फत. दोन प्रती. एक तिथे द्यायची, दुसरीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन घरी आणायची. सेक्शनमध्ये नेऊन द्यायचा नाही, आवक शाखेत द्यायचा. सेक्शनमधला माणूस ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जास्तच.

आता एक खासगी प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमचं लग्न कधी झालं?

---

गोदाकाठ

काका, हा काय प्रश्न झाला का?

---

बाजारवार

राग नाही. मे 2021 मध्ये झालं. मुलगी 2023 ची. का?

---

लाल_फडकं

वाटलंच होतं.

आमच्याकडे रजिस्टर नोंदणी क्रमांकाप्रमाणे असायचं, पण कपाटातले गठ्ठे आडनावाप्रमाणे. क ते ख, ग ते घ, असे लाल फडक्यात बांधलेले. तुमची नोंदणी माहेरच्या नावाने झाली. लग्नानंतर अहवालावर नाव कोणतं टाकलंत? सासरचं टाकलं असेल, तर टपाल लावणाऱ्या पोराने ते नव्या आडनावाच्या गठ्ठ्यात टाकलं असणार. तिथे तुमची फाइल नाही, म्हणून एक तर ते सुटे पडले असतील, नाही तर त्याच आडनावाच्या दुसऱ्या कुणाच्या फाइलला टोचले गेले असतील.

असं एकदा नाही, दरवर्षी व्हायचं. भूगोलाची एक बाई अडीच वर्षं भांडत होती की माझे चार अहवाल तुम्ही हरवले. तिची बाजू अर्धी खरी होती. चारही अहवाल रसायनशास्त्राच्या एका मुलाच्या फाइलमध्ये निघाले, आडनाव सारखं. त्या मुलाच्या फाइलला पानं जास्त झाली म्हणून कुणीतरी त्याला "समाधानकारक प्रगती" असा शेरासुद्धा दिला होता. फाइल सहसा हरवत नाही. भलत्या गठ्ठ्यात जाते.

पुरुषांच्या बाबतीत हे होत नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. माझ्या मुलीचं लग्न झाल्यावर सुचलं.

जाल तेव्हा दोन्ही नावं आणि नोंदणी क्रमांक एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून न्या. मॅडमना "तुम्ही हरवलं" म्हणू नका. "सासरच्या आडनावाचा गठ्ठा एकदा बघता का" एवढंच म्हणा. नाही सापडले, तर सरांकडून दोन्ही अहवाल "दुय्यम प्रत" असं वर लिहून पुन्हा सहीने घ्या. 31 डिसेंबरच्या आत. नंतर त्यांचा शिक्का चालणार नाही.

आणि पुढे कुठलाही कागद देताना नाव नोंदणीतलंच टाका. पदवीवर सासरचं नाव हवं असेल तर राजपत्रात बदल करून त्याचा वेगळा अर्ज असतो, तो आत्ता काढूच नका. एका वेळी एकच घोडं.

---

मार्गदर्शक_म्हणे

मी स्वतः गाईड आहे. सहयोगी प्राध्यापक, म्हणजे सहा विद्यार्थी घेता येतात. प्राध्यापकाला आठ, सहायक प्राध्यापकाला चार. हे आकडे सांगतो कारण "दुसरा गाईड बघा" म्हणणं सोपं असतं. जिल्ह्यात अर्थशास्त्राचे मान्यताप्राप्त गाईड किती, त्यातल्या कुणाकडे जागा रिकामी, आणि मराठीतला प्रबंध वाचायला कोण तयार, हे तीन प्रश्न विचारले की यादी एका हाताच्या बोटांवर येते.

2022 च्या नियमांत असं आहे की निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांसाठी सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, वयाची सत्तरी होईपर्यंत. आमच्या विद्यापीठाने ते जुन्या नोंदणीच्या मुलांनाही लावलं. तुमच्याकडे परिपत्रक काय म्हणतं ते छापील घेऊन वाचा. तशी सोय असेल तर संशोधन केंद्रातल्या एखाद्या जागा असलेल्या शिक्षकाला मार्गदर्शक करा आणि सरांना सह करा. दोघांची लेखी संमती डिसेंबरमध्येच घ्या.

आणि खरं सांगायचं तर, निवृत्तीला दोन महिने असलेल्या माणसाला अख्खं प्रकरण वाचायला देऊ नका. मी माझ्या गाईडना त्यांच्या शेवटच्या महिन्यात 74 पानं दिली होती. त्यांनी ती निरोपसमारंभाच्या हारांसकट पिशवीत भरून घरी नेली आणि पुढच्या मार्चमध्ये परत दिली, पहिल्या पानावर एक टीक. त्यापेक्षा पुण्याला जा. समोर बसा. एक एक तक्ता काढून विचारा. तीन तासांत होतं.

---

जोडाक्षर

धागा वाचून राहवलं नाही. ताई, प्रबंध टाईप कशात केलाय? युनिकोड की श्रीलिपी?

---

बाजारवार

श्रीलिपी. इथे डीटीपीवाला एकच आहे, तो लग्नपत्रिकांसाठी तेच वापरतो. का, त्यातही काही आहे का? 😟

---

जोडाक्षर

आहे. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाङ्मयचौर्य तपासणीच्या टेबलावर दोन वर्षं कंत्राटी होतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर "बाजार" दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. तपासणीच्या सॉफ्टवेअरला फॉन्ट दिसत नाही, ती खिचडी दिसते. मग अहवाल येतो शून्य टक्के. पोरं खूश होतात. शून्य टक्के बघितलं की ग्रंथपाल फाइल परत पाठवतात, कारण खऱ्या प्रबंधाला शून्य कधीच येत नाही. सर्वेक्षणाची पद्धत लिहिताना दोनचार वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात.

तेव्हा आत्ताच युनिकोड करून घ्या. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण ते रफार आणि जोडाक्षरं खातात. "वर्ष" चं "वषर्" होतं, "ऱ्या" तर हमखास जातो, म्हणजे "विकणाऱ्या" आणि "बसणाऱ्या" तुमच्या प्रबंधात पानापानावर असणार, ते सगळे मोडतील. एकदा छापून, पट्टी ठेवून ओळ-ओळ वाचावं लागेल. आणि कोष्टकं. कोष्टकांतले मराठी आकडे कधीकधी चिन्हं होतात. ती मूळ प्रश्नावल्यांशी ताडून बघा, नुसत्या जुन्या प्रिंटशी नको.

नियम असा आहे: साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर काही दंड नाही. दहा ते चाळीस असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचं. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर हे मोजत नाहीत. तपासणीला देताना ते वगळलंय का, एवढं विचारा. नाही तर तुमची प्रश्नावली परिशिष्टात असणार आणि तीच तुमच्या स्वतःच्या छापून आलेल्या पेपरशी जुळणार.

---

फेलोशिपवाला

थोडं विषयांतर, माफ करा. ताई, तुम्हाला जेआरएफ (यूजीसीची संशोधन शिष्यवृत्ती) नाही वाटतं? मला आहे, 2023 पासून महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42. ऐकायला छान वाटतं. दर महिन्याला हजेरी पोर्टलवर एकाने भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची असते. भरणारा रजेवर गेला की त्या महिन्याचे पैसे पुढे. मेसवाला पुढे ढकलत नाही. मी आता त्या क्लार्कच्या मुलाच्या मुंजीलासुद्धा जाऊन आलो.

---

बाजारवार

नाही हो. तासिकांवर चाललंय, आणि तेही पैसे एकदम मार्चनंतर येतात. माझ्या प्रश्नावलीत "उत्पन्न नियमित की अनियमित" असा प्रश्न आहे. एक मसालेवाली मावशी मला म्हणाली, "बाई, आधी तू सांग तुझं." मी अनियमितवर खूण केली तेव्हा कुठे तिने पुढचं सांगितलं.

सगळ्यांचे आभार. सोमवारी जातेय विद्यापीठात. एक राहिलं. माझा एक पेपर 2021 मध्ये एका मासिकात छापून आलाय, पंधराशे रुपये घेतले होते. आता यूजीसीने मान्य जर्नलांची ती केअर यादीच बंद केली म्हणतात. तो चालेल का?

---

लाल_फडकं

यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली, बरोबर. पण नियमात शब्द "रेफरीड जर्नल" असा आहे. यादी नंतरची. आमच्याकडे छाननीला पेपर ज्या महिन्यात छापून आला त्या महिन्यात ते मासिक यादीत होतं का, एवढंच बघायचे. तेव्हाचा यादीचा पुरावा असेल तर छापून लावा. नसेल, आणि मासिक तसलंच पंधराशेवालं असेल, तर ताई, स्पष्ट बोलतो, दुसरा पेपर लिहा. तुमच्याकडे 212 बायका आहेत. त्या पाचशेच्या साडेपाचशेवर एक चांगला पेपर होईल. दोन वर्षांची सवलत मिळाली की त्याला वेळ आहे.

आणि कुणी अडवलंच, तर भांडायच्या आधी दोन रस्ते लक्षात ठेवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, "माझ्या फाइलच्या टिपणीच्या प्रती मिळाव्यात." तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या अर्जाची प्रत फाइलला लागली की फाइल पुढे सरकते, हे मी स्वतः अनुभवलंय, कारण सरकवणारा मीच होतो. दुसरं म्हणजे 2023 पासून विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर विद्यापीठाचे लोकपाल. समितीला पंधरा कामाचे दिवस, लोकपालांना तीस दिवस. पण ते शेवटी. मॅडमशी बिघडवू नका, प्रबंध जमा झाल्यावर परीक्षकांकडे पाठवायचाही त्यांनीच असतो. नियमाने जमा केल्यापासून तोंडी परीक्षेच्या निकालापर्यंत सहा महिन्यांत सगळं व्हायला हवं. आम्ही एकदा एका परीक्षकांना तीन स्मरणपत्रं पाठवली. चौथं पाकीट परत आलं, वर पोस्टमनने लिहिलेलं, "सदर इसम मयत." प्रबंध तोवर त्यांच्या सूनबाईंनी रद्दीत दिला होता. तेव्हा परीक्षकांचं पॅनेल देताना सरांना सांगा, सगळी नावं हिंडती-फिरती द्या.

---

बाजारवार

सोमवारी जाऊन आले. लिहायला उशीर झाला, मुलगी आजारी होती.

काका, सापडले! सासरच्या आडनावाच्या गठ्ठ्यात. एक अहवाल सुटा होता आणि दुसरा वनस्पतिशास्त्राच्या एका ताईंच्या फाइलला लावलेला. मॅडमनी स्वतः फडकं सोडून दिलं. त्यांनी नाक दाबलं होतं आणि मला शिंका येत होत्या. एका अहवालाच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग आहे, बाकी ठीक. सर्वांत गंमत म्हणजे त्या वनस्पतिशास्त्राच्या ताईंचेही दोन कागद त्यांच्या माहेरच्या आडनावाच्या गठ्ठ्यात निघाले. मॅडमनी त्यांना तिथूनच फोन केला. पलीकडून रडण्याचा आवाज आला.

मुदतवाढीचा अर्ज आवक शाखेत दिला. शिक्का घेतला, क्रमांक घेतला, फोटो काढून नवऱ्याला आणि सरांना पाठवला. सहमार्गदर्शकाचं परिपत्रक मॅडमनी झेरॉक्स करून दिलं, तशी सोय आहे. सर म्हणाले, पुण्याला ये, तक्ते घेऊन ये, जेवायलाच ये. डीटीपीवाला युनिकोड करायला तयार आहे, पण लग्नसराई संपल्यावर. म्हणून मीच बसलेय. आतापर्यंत 41 पानं झाली, 63 वेळा "ऱ्या" दुरुस्त केला.

एकच प्रश्न राहिला. जमा करताना पाच प्रतींबरोबर "सॉफ्ट कॉपी सीडीवर" असं अजून पत्रकात लिहिलंय. सीडी आता कुठे मिळते?

---

लाल_फडकं

पेनड्राइव्ह द्या आणि सोबत एक कोरी सीडीपण द्या. सीडी वाचणारं यंत्र सेक्शनमध्ये मी असतानाच बंद पडलं होतं, पण छाननीच्या यादीत तो रकाना आहे आणि त्यावर खूण करावी लागते.